मालक आणि त्यांचा बावीस

आमचे घरमालक नव्या माणसाला नाव विचारत नसत. आधी वजन विचारत, मग उंची, आणि दोन्ही उत्तरांवर विश्वास बसत नसल्यामुळं शेवटी त्याला काट्यावर उभं करत. नाव, गाव, नोकरी या किरकोळ गोष्टी नंतर चहा आलाच तर निघायच्या.

सोलापुरात शुक्रवार पेठेत त्यांच्या माडीवरची खोली रिकामी आहे असं कुणीतरी सांगितलं, म्हणून मी पत्र्याची पेटी घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो, ती सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. मला धरणाच्या कामाशी संबंधित एका कचेरीत कारकुनी मिळाली होती. माझं गाव सांगोल्याकडचं, घरची मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. आमच्या घराण्यात अंगावर मांस असलेला माणूस कुणी पाहिलेला नाही, आणि त्याबद्दल कधी कुणाची तक्रारही नव्हती. ती पहिल्यांदा मालकांनी केली.

"पेटी खाली ठेवा. चपला काढा. वर चढा," ते म्हणाले.

दारातून आत शिरल्याबरोबर एक लोखंडी काटा मांडलेला होता. सुताचे गठ्ठे तोलायचा जुना, जाडजूड काटा. कुठल्याशा व्यापाऱ्याची पेढी मोडली तेव्हा मालकांनी तो हौसेनं घरी आणला होता. तो एवढा रुंद होता की त्याच्यावर पाय दिल्याशिवाय घरात शिरताच यायचं नाही. मी चढलो. मग त्यांनी मला चौकटीला पाठ टेकून उभं केलं, डोक्यावर फुटपट्टी आडवी धरून पेन्सिलीची खूण केली आणि पाटीवर गणित मांडलं. गणित झाल्यावर त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मला वाटलं, खोली गेली.

"सतरा," ते म्हणाले. "तुम्ही आजारी आहात."

"नाही हो. सकाळपासून जेवलो नाही, एवढंच."

"तेच म्हणतोय मी."

खोली मिळाली, पण अटीवर. जेवण खाली त्यांच्याकडंच घ्यायचं, दर रविवारी काट्यावर चढायचं आणि लवकरात लवकर वीस व्हायचं. भाड्याला उशीर झाला तर ते समजून घेतील, वजनाला झाला तर नाही, असं त्यांनी मला पहिल्या दिवशीच बजावलं.

मालकांनी सगळी नोकरी एका विमा कचेरीत काढली होती. विम्याचा अर्ज आला की त्यातली उंची आणि वजन परदेशी तक्त्याशी ताडून पाहायचं आणि हा गृहस्थ वेळेवर जाणार की आधीच, याचा अंदाज बांधायचा, हे त्यांचं काम. अशा कामानं दुसरा एखादा विरक्त झाला असता. मालकांना त्याची गोडी लागली. निवृत्त झाल्यावर वाचनालयातल्या एका इंग्रजी मासिकात त्यांना त्या तक्त्याहूनही सुटसुटीत असं सूत्र सापडलं. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं भागायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा त्याच उंचीनं भागायचं, की माणसाचा एक आकडा निघतो. वीस ते पंचवीसच्या मध्ये आला तो ठीक, खाली राहिला तो रोडका, वर गेला तो लठ्ठ. बाई असो, बुवा असो, विणकर असो की वकील, सगळ्यांना एकच माप. मालकांना त्यातली ही समता फार भावली होती. "जात विचारत नाही, धर्म विचारत नाही, पगार विचारत नाही," ते म्हणायचे. "असं दुसरं काहीतरी दाखवा की मला या देशात."

स्वतः मालक बरोबर बावीस होते. वीसही नाही, पंचवीसही नाही, ऐन मधोमध. कॉलेज सोडल्यापासून आपल्या वजनात किलोचा फरक पडला नाही, हे ते ओळख झाल्यावर पाच मिनिटांत सांगत आणि ओळख जुनी झाल्यावर रोज सांगत. दिसायला मात्र ते जरा वेगळे होते. मनगटं बारीक, पिंढऱ्या काठीसारख्या, गाल बसलेले, आणि मधोमध बंडीखाली पालथ्या घातलेल्या कळशीएवढं गोल, घट्ट पोट. आम्हा सगळ्यांना ते दिसायचं. पण आकड्यात ते कुठंच उमटत नसल्यामुळं मालकांच्या लेखी त्या जागी काहीही नव्हतं.

माणसांना ते आकड्यानंच हाक मारत. मी 'सतरा'. समोरचा शिंपी 'तेवीस'. त्या काळी पेठेत मटक्याचं खूळ जोरात होतं. "काय तेवीस, तब्येत बरी आहे ना?" असं मालक रस्त्यातून ओरडले की पानाच्या टपरीवरची मंडळी कान टवकारायची. एकदा कुणीतरी त्या तेवीसवर पैसे लावले आणि नेमका तोच आला. त्यानंतर कित्येक दिवस टपरीवरचे लोक मालकांना सकाळी उठून वाकून नमस्कार करायचे. पेठेत आरोग्याची जाणीव वाढत चालली आहे, असं मालक त्यावरून मला सांगायचे.

आकड्यापुढं ते कुणाची भीड ठेवत नसत. शेजारच्या तालमीतला एक पैलवान एकदा खालच्या खोलीची चौकशी करायला आला. छाती दाराएवढी, मान खांद्यात गेलेली, बोलायला अगदी गरीब. त्याला काट्यावर चढवून मालकांनी पाटी पुढं धरली.

"एकतीस. तुम्ही लठ्ठ आहात. खोली देता येणार नाही."

"लठ्ठ? म्या?" पैलवानानं स्वतःच्या दंडाकडं पाहिलं. त्यावर चिमटा काढायलाही जागा नव्हती.

"वजन कमी करा. नाहीतर हृदय दगा देईल."

पैलवानानं काट्याच्या बुडाकडं वाकून पाहिलं. मग खाली उतरून म्हणाला, "मालक, तुमी जरा चडा की वर." मालकांना वाटलं, याला बावीस कसा असतो ते बघायचं आहे. ते खुशीत चढले. पैलवान वाकला, काट्याच्या बुडाखाली दोन्ही हात घातले आणि काटा मालकांसकट वीतभर उचलला. तसाच थोडा वेळ धरला, आणि आवाज न करता परत खाली ठेवला.

"हितलं कुटलं कमी करू सांगा," तो म्हणाला.

मालकांनी खाली उतरून धोतर नीट केलं, टोपी नीट केली. "एकतीस तो एकतीसच," ते म्हणाले. खोली त्यांनी दिली नाही.

माझे वडील मला भेटायला आले तेव्हाही असंच झालं. खांद्यावर घोंगडं, डोक्यावर बाजरीचं पोतं, स्टेशनपासून चालत. दारात पोतं उतरवायच्या आत मालकांनी त्यांना काट्यावर घेतलं. मग पोतं वेगळं काढून पुन्हा घेतलं. उत्तर सोळाच्या आतच राहिलं.

"यांना आडवं करा," मालक मला म्हणाले.

"का? दिस मावळला व्हय?" वडील म्हणाले.

"बाबा, तुमच्या अंगात काही शिल्लक नाही. चक्कर येते का? दम लागतो का?"

"मेंढरामागं सकाळधरनं संद्याकाळपतुर चालतो. दम मेंढराला लागतो. माजा बाप बी आसाच हुता, नव्वदीला टेकून गेला."

"हा अपवाद झाला."

"मग आमचं आख्खं गाव अपवाद हाय म्हना की," वडील म्हणाले आणि पोतं पुन्हा डोक्यावर घेऊन माडीचा जिना चढून गेले. मालक खाली उभे राहून ते दम कुठं खातात ते बघत राहिले. ते कुठंच थांबले नाहीत, तेव्हा मालक काट्याला तेल घालायला बसले. त्यांना काट्याचाच संशय आला होता.

इथपर्यंत सगळी गंमतच होती. गंमत नव्हती ती काकूंच्या बाबतीत.

काकू म्हणजे मालकांची बायको. माहेर अक्कलकोटच्या बाजूचं, त्यामुळं वैतागल्या की कानडीत शिरायच्या. बुटक्या, रुंद, हाडापेरानं मजबूत. पहाटे नळाचं पाणी भरण्यापासून घरातलं सगळं त्या एकट्या ओढायच्या आणि वर शेजारणीचं दळण पाखडून द्यायच्या. त्यांचा आकडा अठ्ठावीस होता, आणि मालक त्यांना चारचौघांत त्याच नावानं हाक मारायचे. "अठ्ठावीस, चहा टाका जरा," असं ते पाहुण्यांसमोर म्हणायचे. पाहुणे हसायचे. काकू चहा टाकायच्या.

नुसत्या हाकेवर भागलं असतं तर ठीक. मालकांनी काकूंचा आहार ठरवून दिला होता. वेळेला अर्धी भाकरी. तेल नाही, गूळ नाही, शेंगादाणे नाहीत. सोलापूरच्या बाईला शेंगाची चटणी बंद करणं म्हणजे काय, हे सोलापूरबाहेरच्या माणसाला समजावून सांगता यायचं नाही. शेंगादाणे, गूळ, तूप आणि शेंगापोळ्यांचा डबा हे सगळं त्यांनी फडताळात घालून कुलूप लावलं, आणि किल्ली आपल्या करगोट्याला बांधली. आमच्याकडच्या बाप्यांच्या कमरेला तो काळा दोरा जन्मापासून असतोच. त्याला कुणी काटा काढायचा चिमटा अडकवतो, कुणी ताईत. मालकांनी फडताळाची किल्ली अडकवली. म्हणजे किल्ली काढायची तर मालकांचं धोतर सोडावं लागेल, असा पक्का बंदोबस्त.

काकूंच्या वाट्याची उरलेली अर्धी भाकरी वाया जाऊ नये, म्हणून ती माझ्या ताटात पडायची. मी सतरा होतो ना. स्वतः मालक दोन आख्ख्या भाकरी, वर तेलाची धार सोडलेली चटणी आणि शेवटी गुळाची शेंगापोळी असं जेवायचे, कारण बावीसाला पथ्य नसतं. समोर बसून अर्ध्या भाकरीचे तुकडे मोडणाऱ्या काकूंकडं बघून मी पुढ्यातली भाकरी चिवडत बसायचो. मालकांचा मला मनापासून राग यायचा. एकदा ते पाणी प्यायला उठले, तेव्हा मी माझ्या ताटातली ती अर्धी भाकरी हळूच काकूंच्या ताटात सरकवली. काकूंनी ती उचलून परत माझ्या ताटात ठेवली.

"खा गप. चोरून खायाला मी काय मांजर हाय?" त्या म्हणाल्या. "ह्यांनी म्हनलं अर्दी, तर अर्दी. उद्या मी पडले तर त्येंचं त्यांना कळंल."

मग ती मीच खाल्ली.

मालक पाणी प्यायला उठले, असं वर म्हटलं, ते जेवताना नेहमीचंच होतं. तांब्यामागून तांब्या ते रिचवायचे आणि मागच्या दारी फेऱ्या मारायचे. पायाच्या अंगठ्याला लागलेली ठेच महिनोनमहिने भरत नव्हती. "पाणी पिणं चांगलं," ते म्हणायचे. ठेचेबद्दल ते चपलेला बोल लावायचे.

त्या वर्षी पौषात गड्ड्याची जत्रा भरली, तेव्हा आम्ही तिघं गेलो. काकू दर वर्षी जत्रेत मालकांना नवा करगोटा घ्यायच्या. दुकानदार वेटोळं सोडून दोरा मापायला लागला तशा त्या म्हणाल्या, "मागल्यापेक्षा चार बोटं वाडवून द्या. दर साली वाडवावा लागतोय ह्येंचा."

"अंघोळीनं दोरा आटतो," मालकांनी मला समजावलं. "सूत आहे शेवटी."

दुकानदारानं मालकांच्या पोटाकडं पाहिलं, पण गिऱ्हाइकाशी वाद कशाला घालायचा म्हणून दोरा चार बोटं वाढवून तोडला. पुढं मालकांनी आम्हाला भजी, जिलेबी आणि शेंगापोळी यांच्या दुकानांवरून मुद्दाम चालवत नेलं. काकूंचा निग्रह पक्का व्हावा हा त्यामागचा हेतू. शेवटच्या जिलेबीवाल्याच्या समोर काकू "जरा बसते" म्हणाल्या, आणि बसायच्या आतच कोसळल्या.

मालकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी काकूंचं डोकं मांडीवर घेतलं आणि उपरण्यानं वारा घालायला लागले. त्या वेळी मात्र त्यांनी आकड्यानं हाक मारली नाही. नुसतंच "अगं, अगं" म्हणत राहिले. लोकांनी टांगा बोलावला आणि आम्ही त्यांना पेठेतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडं आणलं.

हे डॉक्टर तोंडाचे फटकळ होते. त्यांनी काकूंची नाडी पाहिली, पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि विचारलं, "सकाळपासून खाल्लं काय?"

"अर्धी भाकरी," मालक म्हणाले. "तिचा आकडा अठ्ठावीस आहे."

"कसला आकडा?"

असं कुणी विचारण्याची मालक आयुष्यभर वाट बघत असत. एवढ्या घाबरलेल्या अवस्थेतही त्यांनी सूत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावलं. मध्ये दोनदा उठून दवाखान्यातल्या माठातलं पाणी प्याले. डॉक्टर ऐकत होते आणि माठाकडं बघत होते. मग त्यांची नजर मालकांच्या अंगठ्यावर गेली.

"आणि तुमचा आकडा?"

"बावीस."

"बरं. बावीस, तुम्ही आडवे व्हा."

"मी? पेशंट ती आहे."

"ती कुठं जात नाही. तुम्ही आडवे व्हा."

मालक टेबलावर आडवे झाले. डॉक्टरांनी बंडी वर सारली. करगोटा पोटाच्या घडीत इतका रुतला होता की आधी दिसेचना. डॉक्टरांनी बोटानं तो बाहेर काढला, तशी किल्लीही बाहेर आली. तिचा दातेरी ठसा पोटावर लाल उमटला होता.

"हे काय आहे?"

"शेंगादाण्याच्या फडताळाची किल्ली," मालक छताकडं बघत म्हणाले.

"मागल्या सालचा करगोटा हाय तो," काकू बाकावरून क्षीण आवाजात म्हणाल्या. "बांदला तवा सैल हुता की."

डॉक्टरांनी दोघांची लघवी तपासायला घेतली. त्या काळी ती परीक्षा डोळ्यांदेखत व्हायची. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि दिव्यावर तापवायचं. काकूंची नळी तापून उकळली तरी निळीची निळीच राहिली. मालकांची नळी आधी हिरवी झाली, मग पिवळी, आणि शेवटी विटेसारखी तांबडी.

"नळ्या बदलल्या असतील," मालक म्हणाले.

डॉक्टरांनी पुन्हा परीक्षा केली. पुन्हा वीट.

"साखर तुम्हाला आहे आणि बरीच जुनी दिसते," डॉक्टर म्हणाले. "बाईंना काही झालेलं नाही. त्यांना भूक लागली आहे."

"पण मी बावीस आहे," मालक म्हणाले. ते इतक्या हळू म्हणाले की माझा त्यांच्यावरचा राग तिथल्या तिथं विरघळला. एवढा मोठा माणूस, पण कुणीतरी हातातलं काढून घेतल्यासारखा बसला होता.

डॉक्टरही जरा नरमले. "असाल हो. पण ही परदेशी मापं ज्यांनी बसवली, त्यांनी माणसं कुठली तोलली? त्यांच्याच मुलखातली. दुधामांसावर वाढलेली, दणकट हाडाची. त्यांच्यातला बावीस वेगळा आणि तुमचा बावीस वेगळा. तुमच्या हातापायाला मांस नाही, सगळा ऐवज पोटात. मांस झडत गेलं, पोट वाढत गेलं, बेरीज तीच राहिली. वजन किती ते काट्याला कळतं. कुठं ठेवलंय ते त्याला कसं कळणार? माझ्याकडं साखरेचे कितीतरी पेशंट असेच येतात, काटकुळे आणि पोटाळ. आपल्या लोकांना कमी वजनातच हे दुखणं गाठतं, असं माझं आपलं बघण्यातलं मत. आता बाईंचं बघा. हाडपेर रुंद, अंग कष्टाचं, वजन सगळीकडं वाटलेलं."

"म्हणजे आकडा खोटा?"

"खोटा कशाला? हजार माणसांचा अंदाज घ्यायचा तर कामाचा आहे. त्याच्यावरून बायकोची भाकरी मोडू नये."

मालकांनी बंडी खाली ओढली. मग त्यांनी विचारलं, "मग मी मोजू काय?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मोजायलाच पाहिजे का? बरं. उंचीएवढा दोरा घ्या, निम्मा करा आणि बेंबीवरून पोटाभोवती फिरवा. टोकं भेटली तर बरं. पण तोही अंदाजच. आणखी एक देव करून बसू नका."

परतताना टांग्यातच मालकांनी करगोट्याची गाठ सोडली आणि किल्ली काकूंच्या पुढं धरली. काकूंनी हात पुढं केला नाही. शेवटी ती मी खिशात घातली.

मला वाटलं, आता काकू पोटभर जेवतील. कसलं काय. रात्री जेवायला बसलो तर काकूंच्या ताटात अर्धीच भाकरी.

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?" मालक म्हणाले. "खा."

"अजून अठ्ठावीसच हाय की मी," काकू म्हणाल्या. "आकड्यात बसले की खाईन."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मालकांनी माझ्याकडून किल्ली घेऊन फडताळ उघडलं आणि स्वतःच्या हातानं शेंगापोळी काकूंच्या ताटात वाढली. त्यांना स्वतःला आता गोड बंद होतं, भाकरी एकच होती, आणि ती ते पापडासारखी मोडून पुरवून खात. काकूंनी शेंगापोळी उचलून माझ्या ताटात ठेवली. त्या आठवड्यात माझं वजन ज्या वेगानं वाढलं, तो बघून एरवी मालकांनी पेढे वाटले असते. आता त्यांनी मला काट्यावर चढायलाही सांगितलं नाही. काकू दिवसेंदिवस उतरत चालल्या होत्या. नळावरून घागर आणताना वाटेत दोनदा टेकायच्या. मी विनवलं, शेजारणींनी विनवलं.

"साकु," काकू म्हणायच्या. साकु म्हणजे कानडीत पुरे. "लई मोजलं मला. आता त्येंच्या मापानंच खानार."

मालकांनी पैलवानाला बोलावलं आणि काटा तालमीला देऊन टाकला. घरात शिरायची वाट एकदम मोकळी झाली, पण आम्हाला सगळ्यांनाच तिथं पाय उचलून टाकायची सवय लागली होती, त्यामुळं कित्येक दिवस आम्ही उगाच पाय उचलत राहिलो.

पण माणूस मोजल्याशिवाय राहणार कसा? बोळात पलीकडं हातमागावर चादरी विणणारे तेलुगू शेजारी होते, त्यांच्याकडून मालकांनी सुताची एक कांडी आणली आणि पेठेतल्या लोकांना दोरा लावायला सुरुवात केली. माझ्या उंचीचा निम्मा दोरा माझ्या पोटाभोवती फिरून वर लोंबत राहायचा. पैलवानाला तो ऐटीत बसला, आणि मालकांनी तालमीत जाऊन सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. स्वतःचा दोरा त्यांनी भर रस्त्यात शिंप्याकडून लावून घेतला.

"वीतभर कमी पडतो," ते विचारेल त्याला सांगत. "पूर्ण वीत." मालकांचं हे मला कबूल करायलाच पाहिजे. माप दुसऱ्याचं असो की आपलं, ते कधी सूतभर इकडंतिकडं करत नसत. पूर्वी रविवारी मी अर्ध्या किलोनं कमी भरलो, तर खिशातली चिल्लर धरून बरोबर म्हणा की, असं मी शंभरदा म्हटलं असेल. त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

काकूंना दोरा लावायचं मात्र ते टाळत होते. का, ते उघड होतं. त्यांनी काकूंच्या उंचीचा निम्मा दोरा चौकटीवरच्या खुणेवरून केव्हाच तोडून ठेवला होता. तो घडी करून बंडीच्या खिशात घेऊन ते दिवसभर घरात फिरायचे. दोरा कमी पडला तर काकू आयुष्यभर अर्ध्या भाकरीवर राहणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. माझ्याही नव्हती.

एका संध्याकाळी काकू चुलीपुढं भाकरी थापत होत्या आणि मी समोर पाटावर बसलो होतो. मालक आत आले.

"जरा उभी राहा," ते म्हणाले.

"हात पिटाचं हायत."

"असू दे."

काकू तव्यावर भाकरी टाकून उभ्या राहिल्या, तोंड चुलीकडं आणि माझ्याकडं. मालकांनी मागून दोन्ही हात त्यांच्याभोवती घातले आणि दोरा फिरवून पुढं आणला. त्यांनी काकूंना असं जवळ घेतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. काकूंनीही अलीकडं पाहिलं नसावं, कारण त्यांचे पिठाचे हात तसेच हवेत राहिले.

टोकं भेटली नाहीत. मध्ये चार बोटं अंतर राहिलं. मला ते समोरून स्वच्छ दिसत होतं. मालकांनी काकूंच्या खांद्यावरून मान पुढं काढून पाहिलं, आणि त्यांनाही दिसलं. त्यांनी दोरा जरा ओढला. सूत कुठं ताणतंय? त्यांनी पुन्हा ओढला. मग दोन्ही टोकं तळव्यात घेतली, एका हातावर दुसरा हात ठेवला आणि ते अंतर झाकून टाकलं.

"बसला," ते म्हणाले. "बरोबर निम्म्यात बसला."

काकूंनी खाली पाहिलंच नाही. "बसला न्हवं? मग हात काडा की आता. भाकरी करपतीया."

पण हात काढले तर टोकं दिसणार. मालक तसेच उभे राहिले, हातावर हात दाबून, हनुवटी काकूंच्या खांद्याजवळ, आणि माझ्याकडं असं बघायला लागले की मी काहीतरी करावं. मी तव्याकडं बघत राहिलो. धूर निघाला, खरपूस वास सुटला, मग जळका सुटला, तरी कुणी हललं नाही. काकूंच्या ओठाचा एक कोपरा हलला तेवढाच.

"सोडा आता," काकू अगदी हळू म्हणाल्या. "म्या बगत न्हाई खाली."

मालकांनी दोरा मुठीत गोळा केला आणि हात काढले. काकूंनी तव्यावरची करपलेली भाकरी आपल्याच ताटात घेतली, तिच्यावर शेंगाची चटणी घेतली, तेल घेतलं, आणि आमच्या दोघांच्या समोर बसून आख्खी खाल्ली.